बॅगेतली ट्यूब

‘पुढच्या आठवड्यात कुणी मुंबईहून येतंय का गं?’ आमच्या मंगफमधल्या मराठी बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा प्रश्न महिन्यातून तीन-चार वेळा तरी पडतो. कुणी येणार असेल तर लगेच यादी सुरू होते. मेतकूट, चकलीची भाजणी, गोडा मसाला, मुलांची मराठी पुस्तकं, आणि सगळ्यात शेवटी हळूच, ‘जागा असेल तर ती खाजेची ट्यूब पण. चार-पाच चालतील. छोटी असते, वजन नाही होत.’

ही शेवटची ओळ मी स्वतः कितीतरी वेळा लिहिली आहे. आज मला सांगायचंय ते एवढंच, की ती ट्यूब मागवू नका; आणि तुम्ही भारतात असाल तर कुणी मागितली तरी पाठवू नका. का, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

मंगफ हे नाव तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी १२ जून २०२४ ला पहिल्यांदा ऐकलं असेल. कामगारांच्या एका इमारतीला पहाटे आग लागली आणि चाळीसहून जास्त भारतीय त्यात गेले. त्याआधी कुवेतबाहेर हे नाव कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं. फहाहीलच्या शेजारी, समुद्राजवळ वसलेला हा भाग. अहमदी आणि मीना अब्दुल्लाच्या बाजूला तेलाच्या कामावर जाणारी कितीतरी माणसं इथे राहतात. आमच्यासारख्या कुटुंबवाल्यांच्या इमारती आणि त्यांना लागूनच एकट्या राहणाऱ्या मंडळींच्या इमारती, एकेका खोलीत पाच-सहा जण. आम्ही २०१२ साली कराडहून इथे आलो तेव्हा आमची लेक एक वर्षाची होती.

ती तीन वर्षांची झाली आणि गुडघ्यांच्या मागे, कोपरांच्या आत, मानेवर लाल चट्टे उठायला लागले. दिवसा खेळण्यात तिचं लक्ष नसायचं, पण रात्री झोपेत ती खाजवायची. सकाळी उशीच्या अभ्र्यावर रक्ताचे ठिपके. मी तिची नखं दर दोन दिवसांनी कापायचे, हातात पायमोजे घालायचे. ती झोपेतच दातांनी ते ओढून काढायची. ज्या आयांनी हे पाहिलंय त्यांना पुढचं सांगायला नको. घरात कुणाचीच झोप होत नाही, आणि अपुऱ्या झोपेत नवरा-बायकोंची कशावरून भांडणं होतात ते आठवलं तर आज हसू येतं. तेव्हा येत नव्हतं.

सासूबाईंचं फोनवर ठरलेलं निदान होतं, ‘अंगात उष्णता आहे. तुमच्या त्या वाळवंटात दुसरं काय होणार!’ मग सब्जा झाला, कडुलिंबाच्या पाल्याचं पाणी झालं, अंडं बंद झालं, दही बंद झालं, शेंगदाणे बंद झाले. पोर वाळत चालली आणि चट्टे तसेच. गंमत म्हणजे दर वर्षी जून-जुलैत कराडला गेलो की तिची कातडी आपोआप सुधारायची. सासूबाई म्हणायच्या, ‘बघ, इथलं पाणी मानवतं तिला.’ त्या अगदीच चुकीचं बोलत नव्हत्या, फक्त ती किमया पाण्याची नव्हती, हवेची होती. पावसाळ्यातल्या ओलसर हवेत तिच्या कोरड्या कातडीला आराम मिळायचा. इथे बाहेर रखरखाट आणि धूळ, आत चोवीस तास एसी. एसीच्या हवेत तर माझ्याही ओठांना भेगा पडतात. उन्हाळ्यात गच्चीवरची टाकी अशी तापते की थंड पाण्याच्या नळाला कढत पाणी येतं. इथले जुने लोक गीझर बंद ठेवतात आणि त्यात निवलेलं पाणी थंड म्हणून वापरतात. आम्हाला हे कळेपर्यंत लेकीला आम्ही रोज नुसत्या नळाच्या गरम पाण्यानेच अंघोळ घालत होतो. वर साबणाचा फेस, आणि दिवाळीला खरखरीत उटणं!

या आजाराचा हाच मोठा घोळ आहे. तो स्वतःच वाढतो, स्वतःच उतरतो. तो ऐन भरात असताना आपण जे काही करतो, त्याला पुढे तो उतरल्याचं श्रेय मिळतं. म्हणून प्रत्येकाकडे ‘आमच्या अमक्याला यानेच गुण आला’ अशी एक गोष्ट असते, आणि ती सांगणारा माणूस खोटं बोलत नसतो.

२०१६ मध्ये माझे दीर कुवेतला आले. पुतणीचे हाल बघून गेले आणि पुढच्या वेळी कुणाबरोबर तरी एक ट्यूब पाठवली. दुकानदाराने दिली होती, चिठ्ठीबिठ्ठी काही नाही. मी लावली. तीन दिवसांत कातडी लोण्यासारखी! लेक रात्रभर झोपली. मी दिरांना फोन करून रडले आणि म्हटलं, भाऊजी, आणखी डझनभर पाठवा.

दोन वर्षं आम्ही ती ट्यूब वापरली. लावली की जायचं, थांबवली की आठवड्यात दुप्पट यायचं. मग पुन्हा लावायची. पुढे गालावर आलं, तिथेही लावली. २०१८ च्या दिवाळीच्या सुमारास मला जाणवलं, की तिचे गाल सतत लाल दिसतात, कातडी कागदासारखी पातळ झालीये, आतल्या बारीक शिरा दिसताहेत आणि गालांवर मऊ लव वाढलीये. सात वर्षांच्या मुलीच्या गालांवर. शाळेतून बाईंचा फोन आला, ‘दुसऱ्या मुलांच्या आया विचारताहेत, हे लागण होण्यासारखं आहे का?’ त्या संध्याकाळी पहिल्यांदा आम्ही त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. पहिल्यांदा! चार वर्षांनी.

फहाहीलच्या एका खासगी दवाखान्यातल्या त्या मल्याळी डॉक्टरीणबाई. त्यांनी लेकीला तपासलं आणि मला म्हणाल्या, ‘जे काही लावता ते सगळं उद्या घेऊन या.’ मी पिशवी भरून नेली. त्यांनी आमची लाडकी ट्यूब उचलली आणि बारीक अक्षरातला मजकूर मला वाचायला लावला. त्यात एक औषध नव्हतं, चार होती. एक अतिशय तीव्र स्टेरॉइड, एक बुरशीवरचं औषध आणि दोन जंतूंवरची. दोन वर्षांत मी ती पाठीमागची ओळ एकदाही वाचली नव्हती. बिस्किटाच्या पुड्यावर अंडं आहे का ते मात्र दर वेळी वाचत होते.

त्या दिवशी त्यांनी जे सांगितलं ते मी जसं समजले तसं सांगते. लेकीचा आजार म्हणजे इसब, इंग्रजीत एक्झिमा. उष्णता नाही, रक्तदोष नाही, कुणाकडून लागलेला नाही आणि कुणाला लागतही नाही. अशा मुलांच्या कातडीचा बाहेरचा थर मुळातच कच्चा असतो. आतलं पाणी उडून जातं आणि बाहेरची धूळ, साबण, घाम आत शिरून दाह करतात. २००६ साली स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिलं, की यातल्या बऱ्याच जणांमध्ये फिलॅग्रिन नावाचं, हा थर घट्ट ठेवणारं प्रथिन बनवणाऱ्या जनुकातच दोष असतो. म्हणजे पोरीने काय खाल्लं किंवा मी बाळंतपणात काय खाल्लं, यावरून मी स्वतःला इतकी वर्षं जे दोष देत होते ते सगळं फुकट. सासूबाईंना मी हे फोनवर सांगितलं ते असं: ‘आई, शेणाने सारवलेली जमीन असते ना, सारवण कमी पडलं की पोपडे उठतात. हिच्या कातडीला सारवण कमी आहे. आपण रोज वरून सारवायचं.’ त्यांना ते पटकन कळलं. मला डॉक्टरांचं कळायला जास्त वेळ लागला होता.

आता माझी दुसरी चूक. ‘स्टेरॉइड’ हा शब्द ऐकून मी इतकी घाबरले, की घरी येऊन रात्रभर मोबाइलवर वाचत बसले आणि सकाळी सगळंच बंद केलं. डॉक्टरांनी लिहून दिलेलं सौम्य मलमसुद्धा! म्हटलं, आता एक थेंब विष नको पोरीच्या अंगाला. नुसतं खोबरेल. पुढचे सहा आठवडे मी आयुष्यात विसरणार नाही. जानेवारीची कोरडी थंडी होती. तिचं अंग पेटल्यासारखं झालं, चट्टे ओलसर झाले, त्यावर पिवळ्या खपल्या धरल्या आणि एका रात्री १०२ ताप भरला. चट्ट्यांमध्ये जंतुसंसर्ग झाला होता. इमर्जन्सीत तिला सलाईन लावताना नर्सला हातावर धड जागा सापडत नव्हती. लेकीने मला विचारलं, ‘आई, मी घाण आहे का?’

म्हणून स्टेरॉइडला शिव्या घालणारा लेख मी लिहिणार नाही. १९५२ मध्ये सुल्झबर्गर आणि विटेन या अमेरिकेतल्या डॉक्टरांनी कातडीवर लावायच्या हायड्रोकॉर्टिसोनचा उपयोग पहिल्यांदा दाखवला. त्याआधी इसबाच्या रोग्यांच्या नशिबी डांबराची काळी मलमं आणि पट्ट्या होत्या. हे औषध म्हणजे घरातला विळा समजा. धार असते म्हणून भाजी चिरता येते, आणि धार असते म्हणूनच तो पोराच्या हातात द्यायचा नाही. कुठल्या जागेला किती तीव्रतेचं, किती दिवस आणि मग कमी कसं करायचं, हे ठरवायला शिकलेलं माणूस लागतं. चेहऱ्याची कातडी पातळ, तिथे सौम्य. डोळ्यांजवळ तीव्र स्टेरॉइड फार दिवस वापरलं तर काचबिंदू-मोतीबिंदूपर्यंत जाऊ शकतं. आणि आता चेहऱ्यासाठी स्टेरॉइड नसलेली मलमंही आहेत. हे दुकानदाराने, दिराने किंवा व्हॉट्सॲप ग्रुपने ठरवायचं नाही.

इथवर माझ्या घरातलं झालं. पण हा लेख मी लिहायला घेतला तो दुसऱ्याच कारणाने.

आमच्या समोरच्या इमारतीत रत्नागिरीकडचा एक मुलगा राहायचा, ह्यांच्याच कामावर स्कॅफोल्डिंगला. शुक्रवारी कधी जेवायला यायचा, गॅसचं सिलिंडर वर आणून द्यायचा, लेकीला खांद्यावर घेऊन समुद्रावर न्यायचा. २०१८ च्या उन्हाळ्यात तो ह्यांना म्हणाला, कमरेला फार खाज येते. इथे जून ते ऑगस्ट अकरा ते चार उघड्यावर काम करायला सरकारची बंदी असते, तरी पहाटे आणि संध्याकाळी सेफ्टी बेल्ट कमरेला बांधून घामाने निथळत काम असतंच. मी कपाट उघडलं आणि त्याला एक ट्यूब दिली. वर म्हटलं, ‘आमच्या छकुलीला यानेच गुण आहे हो.’ आठवड्याने तो हसत आला, ‘वहिनी, जादू आहे!’ मी त्याला आणखी दोन दिल्या.

त्याला इसब नव्हता. गजकर्ण होतं, ज्याला आपण नायटा म्हणतो, बुरशीचं. स्टेरॉइडने खाज आणि लाली दबते, म्हणून जादू वाटते. पण त्याच वेळी कातडीची प्रतिकारशक्तीही दबते आणि आत बुरशीला मोकळं रान मिळतं. ट्यूबमध्ये बुरशीचं औषध असतं खरं, पण ते या भांडणात हरतं. चार महिन्यांत त्याच्या मांड्या, पोट, पाठ सगळं भरलं. खोलीतल्या आणखी दोघांना झालं, कारण ट्यूब एक आणि टॉवेलही एकाच दोरीवर. त्याने मला सांगितलंच नाही. लेकीच्या डॉक्टरांचं ऐकून मी धावत त्याला सांगायला गेले, तेव्हा त्याने लाजत शर्टाचं टोक उचललं. मी म्हटलं, अरे, बोलला का नाहीस? म्हणाला, ‘तुम्ही एवढ्या मायेने दिलीत वहिनी, कसं सांगू?’ आणि दुसरं कारण त्याने ह्यांना सांगितलं. त्याला वाटत होतं, दवाखान्यात गेलं तर कातडीचा रोग म्हणून कागदावर येईल आणि व्हिसा जाईल.

त्याला बरं व्हायला कित्येक महिने गोळ्या घ्याव्या लागल्या. तो वाचला. पण ती ट्यूब मी दिली होती, हे काही माझ्या मनातून जात नाही.

नंतर कळलं की हे आमच्या एका इमारतीपुरतं नव्हतं. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांची संघटना, आयएडीव्हीएल, या मिश्र मलमांविरुद्ध कित्येक वर्षं ओरडत होती. गोरेपणासाठी म्हणून, पिंपलवर म्हणून, खाजेवर म्हणून लोक सर्रास तीव्र स्टेरॉइड तोंडाला फासत होते. अशा चेहऱ्यांसाठी डॉक्टरांना ‘स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा’ असं वेगळं नावच तयार करावं लागलं. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने चौदा स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम झाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ३२८ मिश्र औषधांवर बंदी आली, त्यात अशी काही मलमंही होती. पण तुम्ही आणि मी, सगळ्यांना ठाऊक आहे की आपल्या गल्लीतल्या ओळखीच्या दुकानात ‘कुवेतला पाठवायचीये’ म्हटलं की काय होतं.

आणि ही बुरशीही आता साधी राहिलेली नाही. नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणारी तिची एक जात २०२० मध्ये जपानमधल्या शास्त्रज्ञांनी ओळखली आणि तिला नाव दिलं ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’. नावातच इंडिया आहे. २०२३ मध्ये तिचे रोगी न्यूयॉर्कमध्येही सापडल्याचं अमेरिकेने जाहीर केलं. अशा मलमांच्या बेसुमार वापराने तिला हातभार लावला, असं अनेक तज्ज्ञ म्हणतात. आपण जगभर मसाले नेले, दिवाळी नेली. त्याच बॅगेतून हेही नेतोय का, याचा विचार आपणच करायला हवा.

मग आपण डॉक्टरकडे का जात नाही? मी मलाच विचारलं. पहिलं कारण, ‘खाजच तर आहे.’ दात दुखला तर रजा घेतो, खाजेसाठी कोण घेतं? दुसरं, पैसे. ऑक्टोबर २०१७ पासून इथल्या सरकारी दवाखान्यांत परदेशी लोकांची फी वाढली. खासगीत त्याहून जास्त. ज्याला महिन्याला जेमतेम शंभर दिनार पगार आहे आणि त्यातले सत्तर घरी पाठवायचेत, त्याला एकेक दिनार दिसतो. तिसरं कारण लाज. कातडीचा आजार म्हटला की आपल्या मनात अजून महारोगाची भीती असते. मुलगी असेल तर ‘पुढे लग्नाचं कसं’ हे आई-आजीच्या मनात वयाच्या चौथ्या वर्षी येतं. माझ्या आलं होतं, खोटं कशाला बोलू? त्यापेक्षा गुपचूप ट्यूब बरी.

पण हिशेब करून बघा. दोन वर्षांच्या ट्यूबा, नंतरच्या डॉक्टर-भेटी, इमर्जन्सीची ती रात्र, बुडालेली शाळा, ह्यांच्या बुडालेल्या रजा. पहिल्याच महिन्यात डॉक्टरकडे गेलो असतो तर यातलं बरंचसं वाचलं असतं. स्वस्त ट्यूब आम्हाला फार महागात पडली.

इथे राहणाऱ्यांसाठी थोडं उपयोगाचं. आधी आपल्या भागातल्या सरकारी पॉलिक्लिनिकमध्ये जायचं, सिव्हिल आयडी बरोबर ठेवायचा. गरज असेल तर तिथले डॉक्टर पुढे चिठ्ठी देतात. आमच्या अहमदी भागाला अदान रुग्णालय आहे, आणि सबाहच्या वैद्यकीय विभागात असद अल-हमद हे खास त्वचारोगांचं सरकारी केंद्रच आहे. अरबी येत नाही म्हणून अडून राहू नका. भारतीय डॉक्टर आणि नर्स जागोजागी आहेत, हिंदीत काम होतं. जाताना आत्तापर्यंत लावलेलं सगळं घेऊन जा, अगदी आजीबाईंचा लेपसुद्धा. डॉक्टरांनी न विचारताच सांगा, की खाज रात्री जास्त असते का, घरात किंवा खोलीत आणखी कुणाला आहे का, घरी कुणाला दमा किंवा ॲलर्जी आहे का. या तीन उत्तरांवरून इसब, गजकर्ण आणि खरूज यांतला फरक करायला त्यांना फार मदत होते. आणि निघताना विचारा, की हे कुठल्या जागेला, किती आणि किती दिवस लावू? कागदावर लिहून घ्या.

‘किती’ याचं एक सोपं माप आम्हाला शिकवलं. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून एक रेघ काढायची. ते साधारण अर्धा ग्रॅम होतं आणि दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी १९९१ मध्ये हे माप ठरवलं. मी आधी एक तर बचकभर लावायचे, नाही तर घाबरून मोहरीएवढं.

आणि रोजचं सारवण. ते खरं औषध. कोमट पाण्याने पाच-दहा मिनिटांत अंघोळ उरकायची, उटणं-घासणी नाही, टॉवेलने टिपायचं आणि अंग ओलसर असतानाच बिनवासाचं घट्ट मॉइश्चरायझर भरपूर लावायचं. भरपूर म्हणजे किती? ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचना इसब असलेल्या मुलांसाठी आठवड्याला पाव ते अर्धा किलो म्हणतात! ऐकून मी उडालेच. आम्ही महिन्याला एक छोटी बाटली वापरायचो आणि म्हणायचो, काही उपयोग होत नाही. महागडं, सुगंधी काही लागत नाही. साधं, चिकट, मोठ्या डब्यातलं चालतं. कपड्यांना सुवासिक सॉफ्टनर नको, घरात बखूरचा धूर नको, अंगाला लागून सुती कपडा हवा. अंडं-दूध स्वतःच्या मनाने बंद करू नका, आधी डॉक्टरांना विचारा. चट्ट्यांवर पिवळी खपली धरली, पाणी सुटलं, ताप आला किंवा बारीक दुखऱ्या फोडांचे पुंजके दिसले तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा.

लेक आता चौदा वर्षांची आहे. इसब गेला का? नाही. धुळीच्या वादळानंतर आणि परीक्षेच्या आधी तो येतोच. पण आता तिला स्वतःला माहीत आहे काय करायचं ते. तिच्या दप्तरात छोटी डबी असते. मैत्रिणीने विचारलं तर सरळ सांगते, ‘एक्झिमा आहे, तुला होणार नाही.’ गालांवरची लाली उतरायला दीड वर्ष लागलं.

आमच्या मंडळाच्या लोकांना माझी एक विनंती आहे. गणपतीत आपण भाषणं ठेवतो, अंताक्षरी ठेवतो. एखाद्या शुक्रवारी एका त्वचारोगतज्ज्ञाला बोलवा आणि समोरच्या इमारतींतल्या मुलांना आग्रहाने जेवायला बोलवा. व्हिसाची भीती, लाज, पैशाचा हिशेब, जे असेल ते त्यांना डॉक्टरांसमोर विचारू दे.

आणि भारतातल्या आई-सासूबाई-दीर-नणंदांना. तुम्ही पाठवता ते मायेने पाठवता, हे आम्हाला माहीत आहे. आमच्या सासूबाईंना ट्यूबचं सगळं सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘मग मी काय पाठवू गं तिला?’ पुढच्या येणाऱ्या माणसाबरोबर त्यांनी त्यांच्या जुन्या सुती नऊवारीची गोधडी शिवून पाठवली, कारण लोकरीच्या ब्लँकेटने तिला खाज येते असं मी एकदा बोलता बोलता म्हटलं होतं. लेक आजही तीच पांघरते. बॅगेत जागा उरली असेल तर असलं काहीतरी पाठवा.